किशोरवयीन मानसिक आरोग्य (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील साधारण १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींचे मनःस्वास्थ्य आणि त्यावर होणारे घर, भाऊबंद, शाळा व गाव यांचे परिणाम. वयोमर्यादा जागतिक आरोग्य संघटनेची आहे.

या वयाला मराठीत ‘पौगंडावस्था’ म्हणतात, पण ते काटेकोर नाही. एका प्रचलित संस्कृत वचनात पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड व पंधराव्यापर्यंत कैशोर सांगितले आहे. त्यामुळे ‘किशोरावस्था’ हीच संज्ञा अधिक ग्राह्य वाटते. अहिराणीतील आंडोर व आंडेर (मुलगा, मुलगी) हे शब्द नाते सांगतात, वय नव्हे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ले हॉल यांनी १९०४ मध्ये हा काळ वादळी ठरवून त्याचे मूळ मुख्यतः शारीरिक वाढीत शोधले. मानवशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९२८ मध्ये पॅसिफिकमधील सामोआ बेटांवरील मुलींच्या आधारे ते मूळ संस्कृतीत दाखवले; मानवशास्त्रज्ञ डेरेक फ्रीमन यांनी १९८३ मध्ये त्यावर कठोर आक्षेप घेतले. मानसशास्त्रज्ञ यूरी ब्रॉन्फेनब्रेनर यांची १९७९ ची मांडणी खानदेशाला जवळची आहे. मूल जिथे कधी पाऊलही टाकत नाही, अशा ठिकाणचे निर्णयही त्याला घडवतात, असे ते म्हणतात. ऊसतोडीची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) हे त्याचे ठळक उदाहरण. आईबाप कोयत्यावर (ऊसतोडीला) गेले की थोरली मुलगी आजीजवळ राहते, चूल आणि धाकटी भावंडे सांभाळते. सोबत गेली तर शाळा सुटते. सातपुड्यात घरी भिली किंवा पावरी आणि आश्रमशाळेत मराठी, ही भर वेगळीच.

तक्रार सहसा मनाच्या नावाने येत नाही. डोके दुखते, छातीत धडधडते, एवढेच मूल सांगते. घरचे ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावतात, भगताकडे नेतात. त्यात उपचाराला उशीर होतो हे खरे. पण सगळे घर मुलाभोवती जमण्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असतो. लवकर लग्न झालेल्या मुलीला मन मोकळे करण्याची संधी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी, झोक्यावर मिळते.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये, तर टेली-मानस (१४४१६) ही दूरध्वनी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत खानदेशाला लागून असलेली गुजरात व मध्य प्रदेश ही राज्ये होती, महाराष्ट्र नव्हता.