दर एकच, गावं दोन

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नमुना 8 ची नोंदवही असते. प्रत्येक घराचं मोजमाप, बांधकाम मातीचं की विटांचं, आणि त्यावर आकारलेली घरपट्टी तिच्यात लिहिलेली असते. आता अशा दोन वह्या शेजारी उघडा. एमआयडीसीलगतच्या गावाच्या वहीत कारखान्यांच्या शेड आणि गोदामं. कोरडवाहू गावाच्या वहीत पत्र्याची घरं, त्यातल्या बऱ्याच नावांपुढे थकबाकी. दर सारखाच ठेवला तरी पहिल्या गावाला गटारं परवडतात, दुसऱ्याला दिवाबत्तीही जड जाते.

कर लावायचे आणि पैसा खर्चायचे अधिकार खालच्या पातळीवर सोपवणं म्हणजे वित्तीय विकेंद्रीकरण. त्यामागचा विचार पक्का आहे. विहीर कोणत्या महिन्यात आटते हे मंत्रालयाआधी गावाला कळतं, त्यामुळे गावाने ठरवून खर्चलेला रुपया वाया जाण्याची शक्यता कमी आणि विकासाला त्याचा उपयोग जास्त. पण नुसते अधिकार वाटले तर एमआयडीसीचं गाव आणखी पुढे जातं. म्हणून वरून भरपाई लागते.

केंद्राचे कर राज्यांत कसे वाटायचे हे सुचवणाऱ्या 15व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतले 41 टक्के राज्यांना दिले आणि ते वाटताना 45 टक्के भार दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला दिला. राज्य जितकं मागे, तितका त्याचा वाटा मोठा. बिहारला 10.058 टक्के मिळाले, महाराष्ट्राला 6.317. आपल्याकडे यावर कुरकुर होते, ती मला पटत नाही. 1984 साली दांडेकर समितीने राज्यातल्या मागास भागांचा अनुशेष, म्हणजे विकासातली साचलेली तूट, 3,186.77 कोटी रुपये काढला. तो भरून द्या असं विदर्भ-मराठवाडा म्हणत आले, तेव्हा त्यांनी हाच न्याय मागितला होता.

माझी तक्रार वेगळी आहे. पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी घटनादुरुस्ती 1993 साली लागू झाली, तरी देशातल्या पंचायतींच्या महसुलात स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम 1 टक्का आहे. 15व्या वित्त आयोगाच्या अनुदानातलेही 60 टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे, होते. उरलेल्या अबंधित पैशातूनही पगार देता येत नव्हते. म्हणजे त्या कोरडवाहू गावात अनुदानातून टाकी बांधता येते, पण पंप चालू-बंद करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वेतनातला काही वाटा सरकारने उचलल्यावरही उरलेला भार घरपट्टी-पाणीपट्टीवर येतो. आणि वहीत तर थकबाकी आहे.