जपानी लोकांसाठी रोजचं इंग्लिश : हे सगळं सुरू कुठून झालं

रस्ता कसा विचारायचा, बिल कसं मागायचं, आभार मानले तर उत्तर काय द्यायचं, हे जपानीतून समजावणारी इंग्लिशची पुस्तकं आज ढिगाने मिळतात, पण याची मुळं २०० वर्षं मागे जातात.

१८०८ मधे फेटन नावाचं ब्रिटिश जहाज चक्क डच झेंडा लावून नागासाकी बंदरात घुसलं, डच वखारीची दोन माणसं पकडली, अन्नपाणी उकळलं आणि निघून गेलं. तिथल्या मुख्य अधिकाऱ्याने या नामुष्कीपायी आत्महत्या केली. मग शोगुनच्या (म्हणजे तेव्हाच्या जपानच्या लष्करी सत्ताधाऱ्याच्या) सरकारने डचचे दुभाषे इंग्लिश शिकायला बसवले, पण शिकवणारा पण डचच, त्यामुळे उच्चार सगळे डच वळणाचे.

१८४८ ला रॅनल्ड मॅकडोनल्ड, आई उत्तर अमेरिकेतल्या चिनूक या मूलनिवासी जमातीची आणि वडील स्कॉटिश, हा स्वतःहून होडीतून जपानच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर आला, परदेशी माणसाला बंदीच असल्यामुळे पकडला गेला आणि नागासाकीत कैदेत असताना त्याने १४ दुभाष्यांना इंग्लिश बोलायला शिकवलं. त्यातलाच मोरियामा एइनोसुके पुढे १८५४ मधे अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी याच्याबरोबरच्या वाटाघाटीत दुभाषा होता. कैद्याकडून शिकायला त्या लोकांना कमीपणा वाटला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण यात माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे मान्जिरो. गरीब कोळ्याचं पोर, १८४१ ला वादळात भरकटलं, अमेरिकन व्हेलशिकारी जहाजाने वाचवलं, कॅप्टन व्हिटफील्डने मॅसॅच्युसेट्सला नेऊन शाळेत घातलं आणि १८५१ ला तो परत मायदेशी आला. १८५९ मधे त्याने इंग्लिश संभाषणाचं पुस्तक काढलं, त्यात इंग्लिश वाक्याला जपानी लिपीत उच्चार, आणि उच्चार म्हणजे स्पेलिंग बघून नाही तर कानाने ऐकलेले! आजची पुस्तकंही बऱ्याच अंशी याच वाटेने चालतात.

पुढे शाळा-कॉलेजात मात्र वाचून भाषांतर करण्यावरच भर राहिला, बोलणं मागे पडलं, आणि दुसऱ्या महायुद्धात तर इंग्लिश शत्रूची भाषा ठरली, बेसबॉलमधला स्ट्राइक शब्दसुद्धा बदलला.

ऑगस्ट १९४५ मधे शरणागती, अमेरिकन सैन्य गावोगावी, आणि लोकांना दोन वाक्यं तरी बोलता यायला हवी होती. ऑक्टोबरमधेच संभाषणाची फक्त ३२ पानी पुस्तिका आली आणि तिच्या सुमारे ३६ लाख प्रती खपल्या. खपाचा हा विक्रम मोडला १९८१ च्या तोत्तोचान या पुस्तकाने, हो, आपण मराठीत वाचलेलं तेच!

फेब्रुवारी १९४६ पासून तादाइची हिराकावा रेडिओवर इंग्लिश शिकवायला लागले. तानुकी या कुत्र्यासारख्या जपानी रानप्राण्यावरच्या जुन्या बालगीताच्या चालीवर 'कम कम एव्हरीबडी' आणि मग घरातल्या माणसांच्या साध्या गप्पा, व्याकरणाचा धाक नाही. हरलेल्या, उपाशी देशात लोक रेडिओभोवती जमून हे ऐकायचे, आणि २०२१ मधे जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या (एनएचके) सकाळच्या मालिकेला त्या गाण्याचंच नाव दिलं गेलं.