शितावरून सीझनची परीक्षा

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाचा व्हॉइस मेसेज दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येतोच, आपल्याकडे सकाळचा चहा चालू असतो तेव्हा तिकडे रात्रीच्या मॅचेस संपत असतात, आणि हा माणूस तावातावाने सांगत असतो की या वर्षी आमची बेसबॉल टीम संपली, पिचिंगचा (आपल्या भाषेत बॉलिंगचा) पार बोऱ्या वाजलाय, मॅनेजरला हाकला. मॅचेस किती झालेल्या असतात? दहा. सीझन केवढा? 162 मॅचेसचा. म्हणजे आयपीएलच्या 14 मॅचेसच्या हिशोबाने बघितलं तर पहिल्याच मॅचच्या दुसऱ्या डावाची पंधरावी ओव्हर चालू आहे आणि हा गडी पॉइंट्स टेबल बघून रडतोय.

पण त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण पहिल्या काही मॅचेसवरून काहीच कळत नाही असंही नसतं. थोडं कळतंच. ते थोडं म्हणजे नक्की किती, याचा हिशोब चक्क मांडता येतो आणि मला त्याचीच गंमत वाटते.

आधी टफी रोड्सची गोष्ट. 4 एप्रिल 1994, शिकागो कब्जची सीझनची पहिली मॅच, रिग्ली फील्डवर, समोर न्यूयॉर्क मेट्सचा ड्वाइट गुडन, म्हणजे ऐंशीच्या दशकात भल्याभल्यांना नाचवलेला पिचर. रोड्स तसा कुणाच्या खिजगणतीत नसलेला बॅटर. त्याने गुडनला एकाच मॅचमध्ये तीन होमरन (बेसबॉलचा सिक्सर, बॉल भिंतीपलीकडे) मारले, पहिल्या तीन टर्नमध्ये तीन! (कब्ज मॅच हरलेच, 12-8, ते सोडा.) हिशोबच लावायचा तर दिवसाला तीन म्हणजे सीझनचे 486 होमरन. झाले किती, तर 8. अमेरिकेतल्या अख्ख्या करिअरमध्ये 13. पुढे तो जपानला गेला आणि तिथे 464 होमरन मारले, 2001 मध्ये तर एका सीझनला 55 मारून सादाहारू ओहच्या रेकॉर्डची बरोबरी केली, म्हणजे हातात जोर होता यात शंका नाही, फक्त त्या एका दुपारवरून काय होणार ते कुणालाच सांगता आलं नसतं.

2006 मध्ये डेट्रॉइट टायगर्सच्या क्रिस शेल्टनने तेच महिनाभर केलं. एप्रिलमध्ये 10 होमरन, लोक वेडे झाले. जुलै संपेपर्यंत त्याला खालच्या लीगमध्ये पाठवून दिलं होतं आणि वर्षाचा एकूण आकडा 16 वर थांबला.

आता यामागचं गणित. बेसबॉलमध्ये बॅटिंग अ‍ॅव्हरेज सांगताना कुणी दशांश चिन्ह उच्चारत नाही, 10 टर्नमध्ये 3 हिट (बॉल मारून आउट न होता बेस गाठला की हिट) म्हणजे सरळ 300. 300 वाला चांगला, 265 वाला साधारण, आणि 400 वाला म्हणजे देवच, अमेरिकन आणि नॅशनल या दोन मुख्य लीग्जमध्ये अख्ख्या सीझनला 400 च्या वर जाणारा शेवटचा बॅटर 1941 मधला टेड विल्यम्स. तर समजा एक साधारण 265 वाला बॅटर आहे आणि त्याच्या 45 टर्न झाल्यात. त्याचे 12 हिट व्हायला हवेत. पण बॉल बॅटला लागून मैदानात गेला की पुढचं बरंचसं नशीब, फील्डरच्या ग्लोव्हच्या बोटभर बाहेरून गेला तर हिट, आत गेला तर आउट. असे 6 बॉल जरा इकडून तिकडून गेले की 12 चे 18 होतात आणि 45 पैकी 18 म्हणजे बरोबर 400! पेपरात फोटो. सहा बॉल, बाकी काही नाही. संख्याशास्त्राच्या भाषेत 45 टर्नला अ‍ॅव्हरेजचं प्रमाण विचलन, म्हणजे नुसत्या नशिबाने आकडा साधारण किती इकडेतिकडे हलतो ते, 66 पॉइंटच्या आसपास येतं आणि 500 टर्न झाल्या की ते 20 वर उतरतं.

शितावरून भाताची परीक्षा आपण करतो ना, ती का जमते माहितीये? सगळं भांडं एकाच आचेवर असतं, सगळा तांदूळ एकाच पोत्यातला असतो, त्यामुळे एक शीत मऊ म्हणजे बाकीची पण मऊ. बेसबॉलमध्ये रोज नवीन पिचर, नवीन मैदान, वेगळा वारा, आज एक शीत शिजलेलं निघालं म्हणून उद्याचं शिजलेलं असेलच असं नाही, मूठभर शितं चाचपायला लागतात.

हे 400 चं उदाहरण मी हवेतून नाही काढलं. 1970 च्या सीझनमध्ये पिट्सबर्गचा रॉबर्टो क्लेमेंटे खरंच पहिल्या 45 टर्नला 18 हिटवर होता. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी त्या वर्षीचे असे 18 बॅटर घेतले, प्रत्येकाच्या पहिल्या 45 टर्न, आणि प्रश्न विचारला की एवढ्यावरून उरलेल्या सीझनचा अंदाज कसा बांधायचा. सरळ उत्तर म्हणजे जो 400 वर आहे तो 400 च करेल. पण चार्ल्स स्टाइनने 1956 मध्ये एक विचित्र गोष्ट सिद्ध केली होती आणि 1961 मध्ये विलार्ड जेम्सबरोबर तिचं सूत्र दिलं होतं, की तीन किंवा जास्त गोष्टींचा अंदाज एकदम बांधायचा असेल तर प्रत्येकाचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे थोडा ओढून घ्या, एकूण चूक कमी होते. तेव्हा भल्या भल्या गणितवाल्यांना हे पटेना, कारण क्लेमेंटेचा अंदाज बांधताना दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या टीमच्या बॅटरचा काय संबंध?

संबंध निघाला. 18 जणांची सरासरी होती 265. सूत्र म्हणालं की सरासरीपासून जो जितका लांब आहे त्या अंतरातले रुपयाला फक्त 21 पैसे धरा, बाकीचे 79 पैसे नशीब. त्या हिशोबाने क्लेमेंटे 400 वरून 294 वर आला. उरलेल्या सीझनमध्ये त्याने केले 346, तो होताच तेवढा भारी, तरीसुद्धा 400 पेक्षा 294 हा आकडा खऱ्याच्या केसभर का होईना जवळ. दुसऱ्या टोकाला यांकीजचा नवखा कॅचर थर्मन मन्सन, पहिल्या 45 टर्नला 178, म्हणजे घरी पाठवायच्या लायकीचा. सूत्राने त्याला 247 वर उचललं, त्याने पुढे 316 मारले आणि त्या वर्षीचा रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखा खेळाडू झाला. 18 पैकी 16 जणांच्या बाबतीत ओढून घेतलेला अंदाज सरस ठरला आणि एकूण वर्गचूक (प्रत्येकाच्या चुकीचा वर्ग करून केलेली बेरीज) साडेतीन पटीने कमी.

त्या 18 जणांत एक फ्रँक रॉबिन्सन पण होता, बाल्टिमोर ओरिओल्सचा. 378 वर सुरुवात, पुढे 298. हे नाव लक्षात ठेवा.

बॅटरचं झालं, आता टीमचं. टीमसाठी बेसबॉलची आकडेमोड करणाऱ्यांकडे एक एकदम घरगुती सूत्र आहे, भाजीवाल्यासमोर उभं राहून पण करता येईल असं: टीमच्या आजवरच्या निकालात खोटेखोटे 35 विजय आणि 35 पराभव मिसळा आणि मग टक्केवारी काढा. हा 35 कुठून आला, तर टीम-टीममधला खरा फरक किती आणि नुसत्या नशिबाने पडणारा फरक किती, याच्या गुणोत्तरातून. म्हणजे 70 मॅचेस झाल्या की निकालावर आठ आणे भरवसा. 13 मॅचेस झाल्या की जेमतेम 16 पैसे.

13 च का, तर 1900 नंतर पहिल्या 13 च्या 13 मॅचेस जिंकलेल्या तीन टीम्स आहेत. 1982 ची अटलांटा ब्रेव्ह्ज, 1987 ची मिलवॉकी ब्रुअर्स आणि 2023 ची टँपा बे रेज. सूत्र लावा: 48 भागिले 83, म्हणजे 57.8 टक्के, उरलेल्या 149 मॅचेसमध्ये 86 विजय. ब्रेव्ह्जनी जिंकल्या 76. ब्रुअर्सनी 78, मे महिन्यात तर ते सलग 12 हरले. आणि रेजनी? बरोबर 86. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं.

आता उलटं टोक, 1988 चे ओरिओल्स. पहिलीच मॅच 12-0 ने हरले, सहा हरल्यावर मॅनेजर कॅल रिपकेन सीनियरला काढलं, त्याची दोन मुलं त्याच टीममध्ये खेळत होती, काय वातावरण असेल त्या ड्रेसिंग रूममध्ये. त्याच्या जागी आणलं फ्रँक रॉबिन्सनला. तोच. मॅनेजर बदलला की नशीब बदलतं म्हणतात, इथे अजून 15 हरले, 0-21, म्हणजे शून्य विजय आणि 21 पराभव. मग 29 एप्रिलला शिकागोत एकदाची 9-0 ने मॅच जिंकली, आणि लगेच पुढच्या दोन हरले. 1-23 अशा अवस्थेत घरी आल्यावर बाल्टिमोरच्या स्टेडियममध्ये 50 हजारांवर लोक स्वागताला! असे फॅन्स मिळायला पुण्य लागतं.

0-21 वर असताना सूत्र काय म्हणतं: 35 भागिले 91, उरलेल्या 140 मध्ये (त्या वर्षी ते एकूण 161 च मॅचेस खेळले) 54 विजय. त्यांनी उरलेल्या 140 मध्ये जिंकल्या 54. अगदी तेवढ्याच. टीम कच्ची होतीच, पण 0-21 एवढी कच्ची नव्हती, शंभरात 38-39 मॅचेस जिंकणाऱ्या टीमवर सलग 21 हरायची वेळ साधारण 28 हजारात एकदा येते. पुढच्या वर्षी त्यांनी 87 जिंकल्या.

सगळंच नशीब नसतं हेही सांगायला हवं. एप्रिलमध्ये शिकागो, डेट्रॉइटला कडाक्याची थंडी असते, 10 अंशाची हवा 30 अंशाच्या हवेपेक्षा साधारण 7 टक्के घट्ट, बॉल तिच्यात रुततो आणि भिंतीपाशी झेलला जातो, त्यामुळे एप्रिलचे होमरन मुळातच जरा महाग. डार्टमथच्या संशोधकांनी 2023 मध्ये उलट बाजू दाखवली, 2010 नंतरचे 500 पेक्षा जास्त होमरन तापलेल्या हवेच्या खात्यावर टाकले. आणि काही आकडे लवकर खरं बोलतात. पिचरच्या फास्टबॉलचा स्पीड बघा, एका मॅचमध्ये ढीगभर बॉल टाकतो, प्रत्येक रडारवर मोजला जातो, त्यात फील्डरचा संबंध नाही. तो ताशी तीन-चार किलोमीटरने घसरला असेल तर दुसऱ्या मॅचलाच काळजी करा, खांदा किंवा कोपर काहीतरी सांगत असतं. बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट होतो, म्हणजे तीन स्ट्राइक खाऊन परत जातो, तेही बऱ्यापैकी लवकर कळतं. बॅटिंग अ‍ॅव्हरेज मात्र सगळ्यात लबाड, नेमकं तेच सगळे बघतात.

मावसभावाला हे सगळं पाठवलं तर त्याचं उत्तर आलं, मग वॉशिंग्टनचं काय? इथे मात्र मला गप्प बसावं लागलं. 2005 मध्ये माँट्रियलहून हलवलेली वॉशिंग्टन नॅशनल्स टीम अर्ध्या सीझनला 50-31 होती. सूत्राने उरलेल्या 81 मध्ये 45-46 विजय दिले, त्यांनी जिंकल्या 31, शेवट 81-81 आणि डिव्हिजनमध्ये, म्हणजे त्यांच्या गटात, तळाला. मॅनेजर कोण? फ्रँक रॉबिन्सन. आणि 2019 ला हीच टीम 50 मॅचेसनंतर 19-31 वर होती, सूत्राने उरलेल्या 112 पैकी 50 दिल्या. जिंकल्या 74. मग ऑक्टोबरच्या शेवटी ह्यूस्टनला जाऊन सातवी मॅच मारली आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकून आले. रॉबिन्सन त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता.