स्वतःला मोजायची सवय आली कुठून?

आज किती पावलं झाली, झोपेला किती गुण मिळाले, वजनाचा काटा कुठे थांबला, कालच्या फोटोला किती लाइक आले. दिवस कसा गेला असं कुणी विचारलं की हल्ली आधी आकडा आठवतो. त्याचा कंटाळा आलेली माणसं आता म्हणू लागली आहेत, ‘मला जे महत्त्वाचं वाटतं त्यावर दिवस ठरवेन, आकड्यावर नाही.’ वाद आजचा वाटत असला तरी त्याची मुळं चारशे वर्षं मागे जातात. ती उकरत गेलं की एक गोष्ट वारंवार समोर येते. यातले बरेचसे आकडे एका माणसाने आपला दिवस कसा घालवावा हे ठरवण्यासाठी जन्मलेच नव्हते. कुणाला गर्दीचा अंदाज घ्यायचा होता, कुणाला अनोळखी लोकांपुढे हिशोब ठेवायचा होता, तर कुणाला माल खपवायचा होता.

स्वतःला तोलणारा पहिला नामांकित माणूस मात्र यात बसत नाही. इटलीतल्या पादुआचा वैद्य सांक्तोरियो याने मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि तो तिच्यात बसून जेवू लागला. पोटात गेलेलं आणि बाहेर पडलेलं सगळं वर्षानुवर्षं तोलून १६१४ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. आठ पौंड खाल्लं-प्यायलं तर त्यातलं जवळपास पाच पौंड त्वचेतून आणि श्वासातून नकळत निघून जातं, असा त्याचा हिशोब होता. त्याच्या खुर्चीची आणखी एक सोय होती. ठरवलेल्या वजनाइतकं खाऊन झालं की ती खाली जाई, म्हणजे आता हात आवरायचा. पोट भरलं की नाही हे पोटाऐवजी तराजूने सांगायचं, ही कल्पना तिथे पहिल्यांदा दिसते.

पुढचं उदाहरण या सगळ्या इतिहासातलं मला सर्वात रंजक वाटतं, कारण अठराव्या शतकातल्या बेंजामिन फ्रँकलिनने, अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एकाने, थेट मूल्यंच मोजायला घेतली. विशीत असताना त्याने संयम, मितभाषीपणा, व्यवस्थितपणा, काटकसर, प्रामाणिकपणा असे १३ सद्गुण ठरवले आणि एक छोटी वही आखली. आडवे सात वार, उभे तेरा गुण. ज्या दिवशी ज्या गुणात चूक होईल त्या चौकटीत काळा ठिपका. आठवडाभर एकाच गुणाकडे खास लक्ष द्यायचं, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या. एवढं चोख गणित मांडूनही व्यवस्थितपणापुढे त्याने हात टेकले. आत्मचरित्रात तो त्यावर एका माणसाची गोष्ट सांगतो. त्या माणसाला कुऱ्हाडीचं पातं धारेसारखं सगळीकडे लखलखीत हवं होतं. लोहार म्हणाला, तू सहाणेचं चाक फिरव, मी घासतो. चाक फिरवून फिरवून दमल्यावर गडी म्हणाला, राहू दे, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते. शेवटच्या, म्हणजे नम्रतेच्या गुणाबद्दल फ्रँकलिनची कबुली तर आणखी मिश्कील आहे: अहंकार पूर्ण जिंकला असं वाटलं, तरी बहुधा मला माझ्या नम्रतेचाच अहंकार होईल.

वही त्याची, गुण त्याने निवडलेले, ठिपके देणारा तोच आणि बघणाराही तोच. एकोणिसाव्या शतकात ही मालकी बदलली. बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले याला माणसांच्या समूहांतही ग्रहताऱ्यांसारखे नियम सापडतील अशी खात्री होती. ‘सरासरी माणूस’ शोधताना १८३० च्या दशकात त्याने दाखवलं की प्रौढांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्याला कुणाला बारीक करायचं नव्हतं, समूहात वजनं कशी विखुरलेली असतात ते त्याला पाहायचं होतं. १९७२ मध्ये अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी याच गुणोत्तराला (वजन भागिले उंचीचा वर्ग) ‘बॉडी मास इंडेक्स’, म्हणजे बीएमआय, म्हटलं, तेही लोकसमूहांचा अभ्यास करायला सोपं म्हणून. आज तोच बीएमआय एकेकट्या माणसाला तू कोणत्या रकान्यात बसतोस ते सुनावतो.

ताटातला आकडा त्याच्याही आधी आला. अमेरिकन डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांचं १९१८ चं आहारावरचं पुस्तक प्रचंड खपलं. त्यात त्यांचा वाचकांना आदेश होता की यापुढे पावाचा तुकडा म्हणायचं नाही, १०० कॅलरी पाव म्हणायचं.

देशांचंही तेच झालं. १९३४ मध्ये अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकी संसदेपुढे राष्ट्रीय उत्पन्नाचा अंदाज ठेवला, मंदीने नेमकं किती नुकसान केलं ते कळावं म्हणून. राष्ट्रीय उत्पन्नावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज जेमतेमच बांधता येतो, असा इशाराही त्याच अहवालात होता. आकडा उचलला गेला, इशारा अहवालातच राहिला.

असं का होतं, याचं एक चांगलं उत्तर इतिहासकार थिओडोर पोर्टर यांनी १९९५ मध्ये दिलं. त्यांच्या मते आकड्यांचा आग्रह बहुतेकदा दुबळेपणातून येतो. ज्यांच्या निर्णयावर बाहेरचे विश्वास ठेवत नाहीत, ते अधिकारी किंवा तज्ज्ञ आकड्याच्या आड उभे राहतात. आकडा लांबचा प्रवास झेपावा म्हणून घडवलेला असतो, त्यामुळे संदर्भ, अपवाद, त्या दिवशी घरात काय चाललं होतं, हे सगळं वाटेतच गळून पडतं. दूरच्या कार्यालयासाठी ही सोय ठीक आहे. पण स्वतःच्या बाबतीत ते सगळं आपल्याला आधीच ठाऊक असतं, तरी आपण ते गाळून टाकतो.

१०,००० पावलांची गोष्ट तर निव्वळ दुकानदारीची. टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती. १९६५ मध्ये यामासा कंपनीने कमरेला लावायचं पाऊलमापक बाजारात आणलं आणि त्याचं नावच ‘मानपो-केई’, दहा हजार पावलांचं मीटर, असं ठेवलं. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता आणि तो टिकला. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मृत्यूचं प्रमाण पावलांसोबत घटत गेलं, पण साधारण ७,५०० च्या आसपास ती घट थांबली. चालणं चांगलंच, वाद फक्त त्या गोल आकड्याच्या दराऱ्याशी आहे.

मोजमापाच्या या दुखण्याचं निदानही जुनं आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांनी १९९७ मध्ये त्याला सुटसुटीत रूप दिलं: मापालाच लक्ष्य केलं की ते चांगलं माप राहत नाही. दोघांच्याही डोळ्यांसमोर संस्था होत्या. मग २००७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ‘क्वांटिफाइड सेल्फ’, म्हणजे स्वतःला आकड्यांत मांडण्याची, चळवळ सुरू झाली, २००९ मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं आणि संस्थांचा रोग माणसांना लागला. जॉर्डन एटकिन यांच्या २०१६ च्या प्रयोगांत काहींना चित्र रंगवताना किंवा चालताना आपण किती केलं याचा आकडा दिसत होता. त्यांनी काम जास्त केलं, पण त्यांना मजा कमी आली. तत्त्वज्ञ सी. थी नुयेन यांनी त्याचा पुढचा टप्पा दाखवला: आपली मूल्यं गुंतागुंतीची असतात, संस्था आणि अॅप त्यांची सोपी आवृत्ती हातात देतात, आणि हळूहळू आपण तीच आपली मानतो. (रक्तदाब किंवा साखर मोजू नका, असा याचा अर्थ कुणी काढू नये. तिथे आकडाच जीव वाचवतो.)

मूल्यांकडून जगायची वाट अर्थातच ॲरिस्टॉटलइतकी जुनी आहे, पण आजच्या चर्चेतली भाषा मानसशास्त्रातून आली. मिल्टन रोकीच यांनी १९७३ मध्ये १८ साध्य-मूल्यं (आयुष्यात काय गाठायचं) आणि १८ साधन-मूल्यं (त्यासाठी कसं वागायचं) मांडून लोकांना त्यांचा क्रम लावायला सांगितलं. १९८० च्या दशकापासून स्टीव्हन हेज आणि सहकाऱ्यांनी जी उपचारपद्धती घडवली, तिने मूल्य आणि ध्येय यांत फरक केला. ध्येय गाठून संपतं, यादीतून खोडता येतं. मूल्य ही दिशा असते. पश्चिमेला कितीही चाललं तरी पश्चिम संपत नाही. ‘पाच किलो कमी करणं’ हे ध्येय, ‘शरीराची काळजी घेणं’ हे मूल्य. पहिल्याचं यश शेवटच्या दिवशी कळतं, दुसरं आज संध्याकाळीही जगता येतं.

गंमत म्हणजे आकडा इथेही शिरलाच. याच परंपरेतल्या केली विल्सन आणि सहकाऱ्यांच्या प्रश्नावलीत आयुष्याची दहा क्षेत्रं आहेत: कुटुंब, मैत्री, काम, शिक्षण, करमणूक वगैरे. प्रत्येकाला महत्त्वाचे १ ते १० गुण द्यायचे आणि शेजारी गेल्या आठवड्यात आपण त्याला किती धरून वागलो याचे. फ्रँकलिनच्या वहीची ही नातच म्हणायची. फक्त इथे बघायचं असतं ते दोन रकान्यांमधलं अंतर. मैत्रीपुढे एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला २ पडले, की उपचारक कागद बाजूला ठेवून त्या ओळीबद्दल बोलायला लागतो.