पार्श्वभूमी : मुंबईत दिलेली लग्नाची नोटीस गावाकडे का लागते?

कोकणात लग्नाआधी ग्रामदेवतेला कौल लावायची रीत जुनी आहे. गुरव गाऱ्हाणं घालतो, पाषाणावर भिजवलेले तांदूळ किंवा कळ्या लावतो. साधारणपणे उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण कौल लागतो तो घरच्यांनी आणलेल्या स्थळासाठी. मुला-मुलीचं आपसात जमलं असेल आणि धर्म वेगळा असेल, तर गाऱ्हाणं घालायलाच कुणी पुढे येत नाही. अशा जोडीला, कुणी धर्म बदलायचा नसेल तर, बहुतेक वेळा विशेष विवाह कायदाच उरतो.

त्याच्या आधीच्या, १८७२ च्या कायद्यात दोघांनाही 'आम्ही हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती वगैरे कुठल्याच धर्माचे नाही' असं लिहून द्यावं लागे. १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात त्यातून सूट मिळाली, १९५४ मध्ये सगळ्यांनाच. १९५६ च्या धर्मांतरानंतर रत्नागिरी जिल्ह्यात बौद्ध वस्त्या वाढल्या. कायदा बौद्ध-मराठा जोडप्याला हिंदू विवाह कायद्यातच धरतो. वाडीत मात्र ते आंतरधर्मीयच ठरतं.

विशेष विवाह कायद्यात खरी अडचण नोटिशीची, म्हणजे लग्नाआधी विवाह अधिकाऱ्याला द्यायच्या लेखी सूचनेची. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर लागते आणि ३० दिवस हरकतींची वाट पाहिली जाते. कलम ६ मध्ये पुढचा फास आहे: कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर एक प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही फलकावर लागते. मुलगी अंधेरीत नोकरीला, आधार कार्डावर पत्ता मात्र सावंतवाडीचा. मग नोटीस सिंधुदुर्गात पोचते आणि घरच्यांना तिच्याआधी तिसऱ्याकडूनच कळतं. सज्ञान माणसांच्या बाबतीत ही दुसरी प्रत कशासाठी, याचं पटण्याजोगं उत्तर मिळत नाही. हरकतीची कारणं मोजकीच आहेत: वय (मुलगा २१, मुलगी १८), आधीचा हयात जोडीदार, मनोविकारामुळे संमती देता न येणं, निषिद्ध नातं. धर्म हे कारण नाहीच. तरी हरकत आली की चौकशीत आणखी ३० दिवस जाऊ शकतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत, तीन साक्षीदारांसमोर लग्न झालं नाही, तर नोटीस बाद होते आणि सगळं पहिल्यापासून.

जानेवारी २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या मर्जीवर सोडलं. तो निकाल महाराष्ट्रातल्या कार्यालयांवर बंधनकारक नाही. उलट डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने अशा लग्नांची माहिती घेणारी समिती नेमली. आदेशात आधी आंतरजातीय विवाहही होते, ते काही दिवसांतच वगळले. आंतरधर्मीय राहिले.

भाऊबंदांचा शेवटचा धाक जमिनीचा: 'लग्न केलंस तर आंब्याच्या कलमांवरचा हक्क गेला.' हे चूक आहे. हिंदू मुलाने मुस्लिम किंवा ख्रिस्ती मुलीशी या कायद्याने लग्न केलं, तर कलम १९ प्रमाणे तो एकत्र कुटुंबातून विभक्त मानला जातो. त्याचा वाटा बुडत नाही, वेगळा होतो. १९७६ च्या दुरुस्तीनंतर दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर एवढंही होत नाही. सामाईक सातबाऱ्यावरचं नाव केवळ या लग्नामुळे कुणाला कमी करता येत नाही. तसा फेरफार धरला गेला, तर नोटिशीच्या मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.