‘वेरुम’ या एका शब्दाची जोखीम

‘आवे वेरुम कॉर्पुस’ हे लॅटिन स्तोत्र जेमतेम चार मिनिटांचं. चार आवाज, वाद्य एकही नाही. विल्यम बर्ड या इंग्रज संगीतकाराने त्याला दिलेली चाल आज जगभर चर्चमध्ये आणि मैफलींत गायली जाते. १६०५ साली ती इंग्लंडमध्ये छापली गेली, तेव्हा मात्र तिची पुस्तिका जवळ सापडणंही धोक्याचं होतं.

शब्द बर्डच्या काळाहून जुने, चौदाव्या शतकातले. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू पवित्र भाकर उंच धरतात, त्या क्षणी म्हणायची ही प्रार्थना: ‘कुमारी मरियेपासून जन्मलेल्या खऱ्याखुऱ्या देहा, तुला वंदन.’ भाकर खरोखरच ख्रिस्ताचा देह होते, ही कॅथलिकांची श्रद्धा. नेमकी तीच इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या प्रॉटेस्टंट चर्चने नाकारली होती. ‘वेरुम’ म्हणजे ‘खरा’. सगळा वाद या एका शब्दात होता. प्रॉटेस्टंट प्रार्थनेला न जाणाऱ्यांना १५८१च्या कायद्याने महिन्याला २० पौंड दंड बसू लागला. परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने देशात राहणं १५८५पासून राजद्रोह ठरलं.

बर्ड कॅथलिक होता, आणि नोकरी राणीच्याच चॅपेल रॉयलमध्ये, म्हणजे दरबारी उपासनेच्या गायकवृंदात, करत होता. १५७५मध्ये राणीने त्याला आणि टॉमस टॅलिस या संगीतकाराला संगीत छापण्याचा मक्ताही दिला. पुढे १५९३च्या सुमारास तो एसेक्समधल्या स्टॉन्डन मॅसी गावी राहायला गेला. जवळच इंगेटस्टोनला पीटर या कॅथलिक उमराव घराण्याचा वाडा. तिथे मिस्सा गुपचूप होई आणि गाणारे मोजकेच. अशा लपूनछपून होणाऱ्या उपासनेसाठी बर्डने वर्षभराच्या सणांचं संगीत रचलं आणि ‘ग्रादुआलिया’ या नावाने १६०५ व १६०७मध्ये दोन भागांत छापलं. पहिल्या भागात हे स्तोत्र आहे.

त्या काळी प्रत्येक आवाजाची पुस्तिका वेगळी असे. गायकापुढे फक्त स्वतःची ओळ. बाकीचे काय गातात ते कानांनीच धरायचं. पूर्ण रचना कुणा एकाच्या हातात नसे, चौघं एकत्र आले तरच ती उभी राहायची.

१६०५च्या नोव्हेंबरमध्ये पार्लमेंट उडवून देण्याचा कट उघडकीला आला आणि कॅथलिकांवरचा संशय टोकाला गेला. त्याच वर्षी शार्ल द लिन्यी या फ्रेंच माणसाला लंडनमधल्या न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आलं. कारण, त्याच्याजवळ ‘ग्रादुआलिया’ सापडलं.

आता सुरुवात नीट ऐका. षड्ज धरून बोलायचं तर ‘आवे’वर वरच्या आवाजात शुद्ध निषाद लागतो, आणि ‘वेरुम’ येताच खर्जाचा आवाज कोमल निषादावर उतरतो. दोन निषाद असे पाठोपाठ आले की कानाला टोचतात. त्या टोचण्याने सगळा भार ‘वेरुम’वर येतो. हे सहज घडलं असेल असं मला वाटत नाही. ज्या शब्दावर बंदीचं सावट होतं, त्याच शब्दावर बर्डने बोट ठेवलं.

शेवटी ‘मिसेरेरे मेई’, म्हणजे ‘माझ्यावर दया कर’. आधीच्या ओळीत ‘नोबिस’, ‘आम्हांला’ असं आहे. इथे माणूस एकटा उरतो. एकेक आवाज ते शब्द उचलतो, पुन्हा म्हणतो, आणि बर्ड हा सगळा भाग परत एकदा गायला लावतो. मग ‘आमेन’.