भाजल्यावर शतधौत घृत : डबी उघडण्याआधी हे वाचा

शतधौत घृताची, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेल्या तुपाची, डबी घेताना जवळपास प्रत्येक ग्राहक विचारतो, "भाजल्या भाजल्या लगेच लावायचं ना?" लगेच लावायचं नाही. आधी पाणी, मग तूप. "लावलं आणि आग आणखीच वाढली" अशी तक्रार येते, तेव्हा चौकशी केली की बहुधा एकच निघतं : फोडणी हातावर उडाली, हात नळाखाली जेमतेम मिनिटभर धरला आणि वरून डबीतलं तूप थापलं. तवा बाजूला झाला तरी कातडीत शिरलेली उष्णता आतल्या थरांत उतरत राहते. त्यावर तूप, तेल, लोणी, काहीही स्निग्ध लावलं की ती उष्णता आतच कोंडते. आमचं तूपही याला अपवाद नाही, म्हणून हे पत्रक डबीबरोबर देतो.

वीस मिनिटं पाणी

साध्या वाहत्या पाण्याखाली भाजलेला भाग २० मिनिटं धरा, घड्याळ लावून. पाचव्या मिनिटाला बरं वाटायला लागतं आणि तिथेच लोक थांबतात. हात बाहेर काढला की पुन्हा चुणचुणायला लागतं, कारण वरची कातडी निवलेली असते, आतली नाही. मग घाबरून डबी उघडली जाते. तसं न करता हात परत पाण्याखाली धरा. सुरुवातीला जमलं नसेल, तर भाजल्यापासून ३ तासांच्या आत कधीही पाणी धरण्याचा उपयोग होतो.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत येतं. ते आधी बोटावर घेऊन बघा. गरम लागलं तर माठातलं पाणी बादलीत मिसळा आणि तांब्याने हळूहळू ओतत राहा. पाणीकपात असेल तर खाली टोप ठेवा. कातडी फाटलेली नसेल तर टोपात जमलेलं पाणी पुन्हा ओतलं तरी चालतं, कोमट झालं की बदला. बर्फ मात्र लावू नका. त्याने भाजलेल्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि आधीच दुखावलेली कातडी आणखी दुखावते. लहान मूल असेल तर भाजलेला भागच पाण्याखाली धरा, बाकी अंग कोरडं आणि उबदार ठेवा.

पाणी सुरू असतानाच अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून घ्या. अर्ध्या तासात बोट सुजलं की अंगठी निघत नाही. गुळाचा किंवा साखरेचा पाक अंगावर पडला तर तो खरवडू नका, तो चिकटून बसलेला असतो आणि कातडीसकट निघतो. पाणी ओतत राहा, विरघळून जाईल. कपडा कातडीला चिकटला असेल तर तोही ओढू नका.

घृत कधी, कुठे, किती

कातडी फक्त लाल झाली आहे, फोड नाही, कुठे फाटलेली नाही, अशाच जागी आमचं घृत लावायचं. कुकरच्या वाफेचा चटका, इस्त्रीचा ओझरता स्पर्श, मोटारसायकलच्या सायलेन्सरने पोटरीवर पडलेला लाल डाग, उन्हाने रापलेली मान. २० मिनिटांनंतर जागा मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. पहिल्या दिवशी ती तशीच मोकळी सोडली तरी चालतं. दुसऱ्या दिवसापासून कातडी ताणल्यासारखी, कोरडी व्हायला लागते, तिथे घृताचा खरा उपयोग. दोन बोटं मावतील एवढ्या जागेला हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरतं, दिवसातून दोन-तीनदा, स्वच्छ हाताने. जाड थराने काम लवकर होत नाही, फक्त कपडे चिकट होतात आणि डबी लवकर संपते. नुसता लालपणा साधारण आठवड्यात जातो.

फोड आला असेल तर तो फोडू नका. आतली कातडी त्याच्या आडोशाने बरी होत असते. आपोआप फुटला तर पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा आणि औषधाच्या दुकानात मिळणारी व्हॅसलीनची जाळी ठेवून वर सैल पट्टी बांधा. कापूस ठेवू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात. फुटलेल्या फोडावर घृत नको, आमचंही नको. ते निर्जंतुक केलेलं नसतं.

घरातल्या इतर गोष्टींबद्दल

कोरफड चांगली, पण कापल्या कापल्या पान चोळणं चुकीचं. पान कापून १०-१५ मिनिटं वाटीत उभं ठेवा. बुडातून पिवळसर चीक गळताना दिसेल, पुष्कळांना खाज सुटते ती त्याच्यामुळे. चीक गळला की पान धुवा, कडेचे काटे आणि हिरवी साल काढा, आतला पारदर्शक गर पुन्हा एकदा धुऊन मगच लावा. पहिल्यांदाच लावत असाल तर आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा. उरलेला गर दुसऱ्या दिवशी वापरू नका. कोरफडही न फाटलेल्या कातडीलाच, आणि पाण्यानंतरच.

मधाचं बरंच ऐकायला मिळतं आणि त्यात तथ्य आहे. पण रुग्णालयात जखमेवर वापरतात तो मध खास निर्जंतुक केलेला असतो. स्वयंपाकघरातल्या बरणीतला उघड्या जखमेवर लावू नका. बटाट्याचंही तसंच. १९८० च्या दशकात मुंबईत डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या जखमांवर बटाट्याच्या साली वापरून पाहिल्या होत्या, पण त्या उकडून, निर्जंतुक करून, पट्टीसारख्या बसवलेल्या. मातीतून आलेल्या कच्च्या बटाट्याची चकती ठेवणं ही गोष्ट वेगळी.

टूथपेस्ट, कणीक, शाई, अंड्याचा पांढरा बलक यांतलं काहीही नको. हळदीचा आमचा राग नाही, पण ताज्या चटक्यावर ती थापली की डॉक्टरांना खालचा रंगच दिसत नाही, आणि किती खोल भाजलंय ते रंगावरून ठरवायचं असतं. मग ती धुऊन काढताना होणारी आग वेगळीच.

डबी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा

भाजलेली जागा रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसकट तळहातापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जननेंद्रियाजवळ असेल, किंवा बोटाभोवती, मनगटाभोवती पूर्ण वळसा असेल तर आमच्याकडे येऊ नका. विजेचा धक्का, आम्ल किंवा चुना, पाच वर्षांखालचं मूल, वयस्क माणूस, यांनाही घरगुती उपाय नको. जागा पांढरी किंवा चामड्यासारखी झाली आणि दुखतच नसेल, तर ते बरं लक्षण नाही, उलट खोल भाजल्याचं आहे. मधुमेह असलेल्यांना गरम पाण्याच्या पिशवीने पायाला झालेला चटका कळतही नाही, त्यांनी छोटा डागही दाखवून घ्यावा. नंतर पू, ताप किंवा पसरत जाणारा लालपणा दिसला तरी डॉक्टर. मोठ्या अपघातात महाराष्ट्रात १०८ वर फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तेही डॉक्टरांना सांगा.

"घरी करता येईल का?"

येईल. गायीचं चांगलं कढवलेलं तूप तांब्याच्या परातीत घ्या, तेवढंच गार पाणी घाला, तळहाताने किंवा तांब्याच्या बुडाने घोटा, पाणी ओतून टाका, नवीन घाला. असं शंभर वेळा. दहा-पंधरा धुण्यांतच पिवळेपणा जायला लागतो, रवाळपणा मोडतो आणि शेवटी तूप पांढरंशुभ्र, फुगून हलकं होतं. तुपाचा वासही जवळजवळ जातो, म्हणून "याला साजूक तुपाचा वास का नाही?" या प्रश्नाचं उत्तर हेच. आयुर्वेदाच्या ग्रंथांत दाहावर ते सांगितलेलं आहे. वेळ मोडण्यापेक्षा घरी फसतं ते शेवटच्या पाण्यात : ते पूर्ण निथळलं नाही तर काही दिवसांत वास येतो, बुरशी धरते. आम्ही शेवटच्या धुण्यानंतर तूप गाळणीत निथळत ठेवतो. आमच्या डबीची किंमत तुपापेक्षा या घोटण्याची आणि निथळण्याची आहे.

डबी गॅसजवळ, गाडीत किंवा उन्हात ठेवू नका. एकदा वितळलं की पाणी आणि तूप वेगळं होतं आणि ढवळून पुन्हा तसं होत नाही. ओली बोटं घालू नका, कोरडा चमचा वापरा. खवट वास आला किंवा वर ठिपके दिसले तर टाकून द्या. बंद डबीतच असं निघालं तर बिलासकट आणा, बदलून देऊ. २५ ग्रॅमची डबी घरच्या चटक्यांना पुष्कळ झाली. मोठी मागण्याआधी ही संपते का ते बघा. कोरफडीची रोपं दुकानाबाहेर ठेवलेली असतात, जाताना एखादं घेऊन जा.